वहीवर नाव कोणाचं

नांदेड
२ ऑगस्ट २०१०

आदरणीय विरूपाक्ष सर,
सादर नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून देता. म्हणून पत्र लिहिते. काम 'बरं बरं'वर भागणारं नाही.

तुमची वही टाइप करून होत आली. आम्ही सहा शिक्षक आहोत, तिघं नांदेडचे, दोघं लातूरचे आणि एक देगलूरचा. सगळे कधी ना कधी त्या वहीवरच पास झालेले. जीवशास्त्राचे अकरा धडे झाले. मागे मुलांनी वर्षानुवर्षं जोडलेले प्रश्न मोजले तर चारशेच्या वर भरले. आता हे सगळं वेबसाइटवर ठेवायचं, म्हणजे ज्याला हवं तो उतरवून घेईल.

आमच्यातल्या तरुण शिक्षकांना मी वहीची गोष्ट सांगते तेव्हा ते कामं थांबवून ऐकतात. औसा तालुक्यातलं गाव, भूकंपात पडलेली शाळा, पुस्तकं ढिगाऱ्याखाली, दहावीची परीक्षा पाच महिन्यांवर, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसून अख्खं जीवशास्त्र वहीत उतरवणारे मुख्याध्यापक. मी दहावीला होते तेव्हा ती वही हातोहात शिरूर अनंतपाळला आमच्यापर्यंत आली. हृदयाचा धडा वाचला तो दिवस मला आठवतो. हृदय म्हणजे औशाचं बसस्टँड. मळक्या गाड्या उजव्या फलाटावर येतात, धुवायला फुप्फुसाच्या डेपोत जातात, धुऊन डाव्या फलाटावर लागतात आणि तिथून गावोगाव सुटतात. नऊ वर्षं शिकवतेय सर, यापेक्षा सोपं मला सुचलेलं नाही. असं डोकं पुन्हा होणे नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

तर अडलंय ते एका गोष्टीपाशी. वेबसाइटवर ठेवताना परवाना निवडावा लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणून एक सोय आहे. लिहिणाऱ्याने आधीच जाहीर करून टाकायचं की माझं लिखाण कोणीही घ्या, अमुक अटी पाळा. लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं ही अट असतेच. बाकीच्या आपण निवडायच्या. विकू नका, ही एक. बदलू नका, ही दुसरी. बदललंत तर तेही सगळ्यांना याच अटींवर मोकळं ठेवा, ही तिसरी.

माझं मत स्पष्ट आहे. विकू नका, कारण इथे गल्लोगल्ली क्लास निघालेत आणि प्रत्येकाला नोट्स हव्यात. आणि बदलू नका, कारण तुमच्या शब्दाला कोणी हात लावलेला मला खपणार नाही. तुम्ही हो म्हणा, मी नाव टाकते.

तुमची,
सौदामिनी

*

लातूर
९ ऑगस्ट २०१०

चि. सौदामिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तू माझ्या डोक्याबद्दल जे लिहिलेस ते घरात कोणाला दाखवलेले नाही, कारण हे डोके चष्मा कुठे ठेवला हे रोज विसरते.

तुझा परवाना दोनदा वाचला. वहीच्या पहिल्या पानावर मी काय लिहिले होते ते तुला पाठ असेल. 'ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. उतरवणाऱ्याने मागे आपला एक प्रश्न उत्तरासह लिहावा. पुढच्याने मागितली तर नाही म्हणू नये.' त्या काळी झेरॉक्सला औशापर्यंत जावे लागे, म्हणून हाताने उतरवणे. प्रश्न जोडल्याशिवाय वही पुढे द्यायची नाही हा शिरस्ता पोरांनी कायद्यासारखा पाळला. मग तुझ्या परवान्यात नवीन ते काय?

आता 'विकू नका'. शिरूर अनंतपाळला तुझी वर्गमैत्रीण वर्षाराणी झेरॉक्सचे दुकान चालवते. ती त्या वहीच्या प्रती काढून, शिवून, कागदाच्या भावावर चार पैसे लावून विकते. तिचा व्यापार झाला की नाही? देवणीचा एक पोरगा घरी शिकवण्या घेतो, तो वही वापरतो आणि फी घेतो. तो क्लासवाला की गरजू? तू कोणाला आत घेणार आणि कोणाला बाहेर काढणार, हे आधी ठरव. मोठ्या क्लासला अडवायला कुंपण घालशील आणि त्याला वर्षाराणीचीच ओढणी अडकेल.

'बदलू नका' याबद्दल मला काही सांगता येत नाही. आणि नाव टाकायची घाई करू नकोस. नावाचे नंतर बघू.

तुझा,
विरूपाक्ष

*

नांदेड
२१ ऑगस्ट २०१०

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

वर्षाराणीबद्दल तुमचं बरोबर आहे. मी आमच्या सहा जणांत विषय काढला, दोन तास भांडलो, आणि 'विकू नका' काढून टाकलं. खुशाल विका, पण दुसऱ्याला अडवू नका, यावर सगळे आले. पण तेवढ्यात दुसरंच काही उभं राहिलं.

वर्षाराणीला वकिलाची नोटीस आलीय. इथल्या माणिकप्पांच्या क्लासकडून. ते तुमचे जुने विद्यार्थी, आता त्यांच्याकडे दोन मजले भरून मुलं असतात. नोटिशीत लिहिलंय की या वहीचे एकमेव लेखक श्री. विरूपाक्ष यांनी सर्व हक्क माणिकप्पांना लिहून दिलेत, तेव्हा प्रती काढणं ताबडतोब बंद करा. दिवाळीत ते तुमच्या फोटोसह पुस्तक काढणार आहेत. आम्हालाही वेबसाइटवर काही ठेवता येणार नाही असा त्यांचा निरोप आहे.

वर्षाराणीने घाबरून सगळ्या प्रती कपाटात टाकल्यात. परवा दोन मुली वही मागायला आल्या आणि तिने त्यांना नाही म्हटलं. फोनवर सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता.

सर, नोटिशीला जोडलेल्या कागदाची प्रत तिने मला पाठवली, त्याखाली सही तुमची आहे. मी ओळखली. तुम्ही खरंच असं लिहून दिलंत का?

सौदामिनी

*

लातूर
१२ सप्टेंबर २०१०

चि. सौदामिनीस आशीर्वाद.

उत्तराला तीन आठवडे लागले. तब्येतीचे कारण देणार होतो, पण तब्येत ठणठणीत आहे.

सही माझीच. गुरुपौर्णिमेला माणिकप्पा आला, पाया पडला, शाल घातली, पेढे दिले आणि एक कागद पुढे केला. मी सही केली. वाचला नाही. बावीस वर्षे मुख्याध्यापक होतो बाई. दाखला आण, सही. खरी प्रत म्हणून सही. रेशनकार्डावर सही. निवृत्त झालो तरी गल्लीतले लोक कागद घेऊन येतात आणि माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. माणिकप्पा वाईट नाही. त्याला वाटते तो माझा मान वाढवतो आहे.

पण त्या कागदावर लिहिले आहे की मी एकमेव लेखक. तिथे खरी अडचण आहे, आणि ती माणिकप्पाची नाही, माझी आहे.

ती वही मी लिहिलेली नाही.

मी मराठीचा मास्तर. बी.ए., बी.एड. आमचे शास्त्राचे शिक्षक रेणुकादास सर भूकंपात गेले. नवा शिक्षक मिळेना. तेव्हा प्रयोगशाळेच्या परिचर मल्लम्मा मला म्हणाल्या, "सर, मी अठरा साल भिताडाला टेकून त्यांचे धडे ऐकले. मी सांगते, तुम्ही लिवा." त्यांच्या घरातली दोन माणसे गेली होती. आठच दिवस झाले होते. त्या ढिगाऱ्यातून निघालेल्या काचेच्या बरण्या पुसत बसायच्या आणि बोलायच्या. मी लिहायचो. बसस्टँड त्यांचे. कापसाच्या बोंडाचे उदाहरण त्यांचे. रेणुकादास सर पुस्तकी बोलायचे, ते ज्ञान या बाईने आपल्या भाषेत आणले. माझे फक्त अक्षर.

निकाल चांगला लागला, सत्कार झाले. पहिल्या सत्कारात मी सांगितले की ही वही माझी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले काय हा विनय. दुसऱ्या सत्कारात सांगितले, जास्त टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा मी सांगितलेच नाही. मग सोळा वर्षे गेली.

तू विचारशील तर मला लाज वाटते आहे.

विरूपाक्ष

*

नांदेड
१८ सप्टेंबर २०१०

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र आम्ही सहाही जणांनी मिळून वाचलं. देगलूरचा आलोक तर म्हणाला, अशी माणसं आता राहिली नाहीत. मल्लम्मामावशींनी आठवून आठवून तुम्हाला मदत केली, म्हणून सगळं श्रेय त्यांना देऊन टाकायचं, हे फक्त तुम्हीच करू शकता. आम्ही प्रस्तावनेत त्यांचे आभार नक्की मानू.

पण सर, वहीची भाषा तुमची आहे. ती दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. माणिकप्पांच्या कागदातून सुटायला तुम्ही स्वतःचं नाव पुसायची गरज नाही, आपण दुसरा मार्ग काढू.

सौदामिनी

*

लातूर
२३ सप्टेंबर २०१०

सौदामिनी,

तिसरी टाळी तू वाजवलीस.

मला हृदयाचे डावे उजवे आजही कळत नाही. वही उघडून बघावे लागते. पेशीत नक्की काय काय असते ते विचार, मी केंद्रकाच्या पुढे जाणार नाही. माझ्या विनयाचे कौतुक पुरे झाले. मल्लम्मा आता रेणापूरला लेकीकडे असतात. बसस्टँडवरून शाळेच्या रस्त्याला लाग, कोणीही घर दाखवेल. तू स्वतः जा. जाताना माझे नाव सांगू नकोस. नुसते विचार, रक्ताला गाठ कशी पडते.

विरूपाक्ष

*

नांदेड
४ ऑक्टोबर २०१०

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आधी माफी मागते. मी तुमचं ऐकलं नाही, कारण मला जे हवं होतं तेच मी वाचत होते.

रेणापूरला जाऊन आले. मावशी अंगणात तूर निवडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, रक्ताला गाठ कशी पडते?" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "कुणाची पोरगी तू? बस हितं." आणि बोलायला लागल्या. सर, मी पाठ केलेली वही माझ्यासमोर बसून बोलत होती. तीच वाक्यं, तोच क्रम, आणि वहीत नाहीत असे चार दाखले जास्त. मला एकाएकी इतकं भरून आलं की मी त्यांच्या सुपातली तूर निवडायला लागले, म्हणजे खाली बघता येईल. त्यांनी चौथीनंतर शाळा सोडलीय. अठरा वर्षं भिंतीला टेकून ऐकलं आणि त्याचं सोनं केलं. माझ्याकडे दोन पदव्या आहेत, आणि मी त्यांच्या पाया पडले तेव्हा ते अगदी साधं, बरोबर वाटलं.

नावाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "रेणुकादास सरांचं पयलं टाक. शिकवलं त्यांनी, मी फकस्त सोपं केलं." विकण्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, "इकू दे की. कागद फुकट येतो का? पर दुसऱ्याच्या हातातून काढून घ्यायची न्हाई."

इथल्या वकीलबाईंनी सांगितलं की ज्याने रचलं त्याचा हक्क, लिहून घेणाऱ्याचा नाही. तुमचं नव्हतं ते तुम्ही देऊच शकत नव्हता. तुमचं १२ सप्टेंबरचं पत्र घेऊन मी माणिकप्पांकडे गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. मग म्हणाले, "मी त्या प्रयोगशाळेत तीन वर्षं होतो. मावशींनी माझ्या हातावर ॲसिड पडलं तेव्हा नळाखाली हात धरला होता. मला एकदाही कळलं नाही." नोटीस त्यांनी त्याच दिवशी मागे घेतली. पुस्तक काढणार आहेतच, पण आमच्याच अटींवर आणि मावशींच्या नावाने. वर्षाराणीच्या प्रती कपाटाबाहेर आल्या.

आणि सर, एक सांगू का. पहिल्या पानावरच्या त्या तीन ओळी कोणाच्या, हेही मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, सरांच्या. म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स आमच्या कानावर यायच्या कितीतरी आधी पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही परवाना लिहून ठेवला होता. वही तुमची नसेल. ती इतकी लांब चालली ते तुमच्यामुळे. हे कौतुक तुम्हाला घ्यावंच लागेल, कारण हे खरं आहे.

आता एकच राहिलंय. मी मावशींना विचारलं, "कोणी तुमच्या शब्दात बदल केला तर चालेल का?" माझी अपेक्षा होती त्या नाही म्हणतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "सरांना हितं धाडून दे. ह्याचं उत्तर मी त्यांच्या हातानं लिवून देते."

जाल का सर?

सौदामिनी

*

रेणापूर
११ ऑक्टोबर २०१०

सौदामिनीबाईला मल्लम्माचा नमस्कार.

मी बोलून राहिले, सर लिवून राहिले. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं हाय की जसं बोलंल तसंच लिवायचं. सुधरायचं न्हाई. चुकलं तर चुकलं.

तू इचारलं, बदललं तर चालंल का. तर ऐक.

वहीत पानाचा प्रयोग हाय. हिरवं पान घ्यायचं, त्याचा हिरवा रंग काढायचा, मग आयोडीन टाकायचं, काळंनिळं झालं की समजायचं पानात पिठूळ हाय. रंग स्पिरिटात निघतो. मी सरांना सांगितलं व्हतं, मोठ्या भांड्यात पानी घ्यायचं, ते पानी दिव्यावर तापवायचं, दिवा इझवायचा, आन मग त्या गरम पान्यात स्पिरिटाचं भांडं ठिवायचं. स्पिरिट जाळावर धरायचं न्हाई. ते भडकतं. सरांनी लिवलं, 'नंतर पान स्पिरिटमध्ये उकळावे.' येवढंच. पानी, पानी, पानी तीन येळा आलं म्हून त्यांना बरं दिसंना. त्यांनी वाक्य नीट केलं.

मला तवा वाचून दावलं नव्हतं. दोन सालांनी एक पोरगी मोठ्यानं वाचत व्हती, तवा माझ्या कानावर आलं. पर तवर वही गावोगाव गेली व्हती. सरांच्या गळ्यात हार पडले व्हते. वही त्यांची, मी झाडणारी पुसणारी. मी कुठं जाऊन सांगू की हितं चूक हाय? मला कोन इचारणार, तुला काय कळतं?

आपल्या शाळंतल्या पोरांना मी दर साली तोंडानं सांगायची. भांडं हातातून काढून घ्यायची. पर दुसऱ्या गावच्या पोरांना कोन सांगंल? कुठं शाळंत जाळ झाला असं कानावर आलं की मी दोन दोन दिस जेवत नव्हते. माणसाला इचारत बसायची, काहून झाला, काय करत व्हते पोरं. आपल्या वहीनं झालं असं कुणी म्हनलं न्हाई. पर झालं नसंल असं बी मला म्हाईत न्हाई.

तवा बदलू दे. ज्याला चूक दिसंल त्यानं बदलू दे, आन नीट केलेलं परत सगळ्यांना देऊ दे. मोठ्याचं म्हून जपून ठिवलं तर ते तसंच चुकीचं राहतं. आन नाव टाकायचं ते मानासाठी नको. कुणाला चूक दिसली तर कुणाकडं जायचं ते कळावं म्हून टाक.

आधी हे वाक्य नीट कर. बाकीचं मागून.

मल्लम्मा
(सही त्यांची)

ता. क. सौदामिनी, वरचे एकही अक्षर मी बदललेले नाही. मधे एकदा मी उठून बाहेर जाऊन आलो, एवढेच. बदलू द्यायचा परवाना घे, आणि बदललेले पुन्हा सर्वांना मोकळे ठेवायची अट घाल. दुरुस्तीखाली नाव मल्लम्मांचे टाक. आणि जुने वाक्य पुसू नकोस, शेजारी राहू दे, आणि ते कोणी लिहिले त्याखाली माझे नाव टाक.

विरूपाक्ष